एका पेल्याची तपासणी

साळवे मास्तरांनी टॉवेलात गुंडाळलेली वस्तू माझ्या टेबलावर ठेवली, टॉवेल उलगडला आणि ते दोन पावले मागे सरकले. आत आमच्या देवळातला, म्हणजे चर्चमधला, प्रभुभोजनाचा चांदीचा पेला होता.

"यात महारोगाचे जंतू आहेत की नाहीत, तेवढं लेखी पाहिजे," ते म्हणाले.

"कोणी मागितलंय?"

"पंचकमिटीनं. आम्ही पाचही पंचांनी रीतसर ठराव केलाय."

"पेला धुतलेला दिसतो."

"म्हणजे काय? राखेनं घासून, गरम पाण्यातून काढून आणलाय. तुमच्याकडे उष्टा कसा आणणार?"

राखेने घासलेल्या पेल्यात जंतू शोधायला सांगणाऱ्या या गृहस्थांनी एकतीस वर्षे मिशनच्या शाळेत सामान्य विज्ञान शिकवले होते. मी त्यांचाच विद्यार्थी. पुढे मी वैद्यकीला गेलो, विकृतिशास्त्र शिकलो आणि नगर जिल्ह्यातल्या आमच्याच तालुक्याच्या गावी मिशनच्या रुग्णालयात प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून आलो. देवळात जाणे मी त्याआधीच सोडले होते. ही हकिगत १९७४ सालच्या उपवासकाळातली, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांतली आहे.

"मास्तर, हे जंतू कोणत्याही बशीत किंवा नळीत वाढवता येत नाहीत," मी म्हणालो. "जगात अजून कोणाला ते जमलेलं नाही. पेल्यात ते शोधण्याची सोयच नाही. माणसाच्या कातडीत शोधतात."

"मग रिबकाबाईच्या कातडीत शोधा," मास्तर म्हणाले. त्यांना खोकला आला, तो त्यांनी रुमालात जिरवला आणि पेला तिथेच ठेवून ते निघून गेले.

रिबकाबाई शिरसाठ ओढ्यापलीकडे राहत. रुग्णालयाची कुष्ठरोग्यांची वसाहत ओढ्यापलीकडे होती आणि बरे झालेले लोकही तिथेच राहत, कारण बरे झाल्यावर परत जायला त्यांच्यापैकी कोणालाच गाव उरलेले नसे. रिबकाबाईंचे वय चाळिशीचे असावे. नवरा वारला होता. त्यांची मुलगी एस्तेर तीन वर्षांची असताना तिला आईपासून काढून मुलींच्या वसतिगृहात ठेवले होते. आता ती पंधरा वर्षांची होती आणि रविवारी उपासनेनंतर, वसतिगृहाच्या बाईंच्या देखत, आईशी चार हात अंतरावरून बोलत असे.

आमच्या देवळात प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, पेला एकच. तो पुढच्या बाकापासून मागे जाई. ओढ्यापलीकडचे लोक शेवटच्या दोन बाकांवर बसत आणि शेवटी पीत. त्यांच्यानंतर पिणारा एकच माणूस असे, तो म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, पाळक; कारण पेल्यात उरलेले ओतून द्यायचे नाही, ते पाळकांनी संपवायचे, असा आमच्या मंडळीचा नियम होता. ही व्यवस्था वीस वर्षे सुरळीत चालली. देवापुढे सगळे आत्मे सारख्याच मोलाचे आहेत हे दर रविवारी पुढच्या बाकांना पटत असे, कारण मागच्या बाकांचे ओठ लागलेला पेला त्यांच्याकडे कधीच परत येत नसे.

अडचण त्या ईस्टरला उभी राहिली. एस्तेर आणि कंपाउंडरचे दोन मुलगे पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होते. पहिल्यांदा घेणारे मूल आईबापांबरोबर वेदीपाशी उभे राहते आणि ते कुटुंब सगळ्या मंडळीच्या आधी पिते, अशी आमच्याकडची रीत. म्हणजे रिबकाबाई आधी पिणार आणि पंचकमिटी नंतर.

दुसऱ्या दिवशी रिबकाबाई स्वतःच आल्या. वसाहतीच्या विणकामखात्यात त्या मागावर बसत. हाताच्या दोन बोटांची पेरे गेलेली होती, बाकीचा हात धडधाकट.

"पाळकसाहेब म्हणाले, कान कापून घ्यायचा," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या.

"कापायचा नाही. पाळीला छोटा चिरा देऊन थोडा द्रव काचेवर घ्यायचा. सात वर्षं झाली, तुमच्यात जंतू सापडलेले नाहीत. माझ्या रजिस्टरात सगळं आहे."

"मग परत कशाला?"

"पंचांना ताजं हवंय."

"भाजी आहे का मी?" त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. "डाक्टरसाहेब, एक विचारू? राग नाही ना?"

"विचारा."

"तुमच्या कागदानं ते मला पुढं उभं राहू देतील?"

"कागदानं सिद्ध होईल की तुमच्यापासून कोणाला काही धोका नाही."

"ते नाही विचारलं. ते मला ठाऊकच आहे."

मी पात्याला स्पिरिट लावले. चिरा देताना त्यांनी मान जराही हलवली नाही.

"एका पेल्यातून," त्या म्हणाल्या. "ती प्याली की लगेच मी. बारा वर्षांत तिच्या ताटातला घास मी खाल्ला नाही, की माझ्या ताटातला तिनं. तेवढं एकदा झालं पाहिजे. मग मला मागं बसवा, नाहीतर ओढ्यात बसवा."

त्यांचा नमुना स्वच्छ निघाला. निघणारच होता.

संध्याकाळी आमचे पाळक रेव्हरंड पाटोळे प्रयोगशाळेत आले. माझ्या वडिलांचे ते स्नेही. मऊ आवाजाचे, मऊ हातांचे, कोणाशीच न भांडणारे. मंडळी दुभंगू नये एवढीच त्यांची आयुष्यभराची इच्छा होती आणि तिच्यापायी त्यांनी प्रत्येक निर्णय जो जास्त मोठ्याने बोलेल त्याच्या हाती दिला होता.

"मार्कस, बाळ, कागद चांगला आलाय म्हणे."

"हो."

"देवाची कृपा. पण बघ, लोकांची मनं कागदानं बदलत नाहीत. मी असा विचार केलाय की रिबकाबाईंशी बोलावं. त्यांनी आपणहून सांगावं की मी पुढे येत नाही, मागेच बसते. मंडळीच्या ऐक्यासाठी केलेला त्याग. त्यागाला आपल्या धर्मात केवढी किंमत आहे!"

"त्याग त्यांनीच का करायचा?"

"त्या समजूतदार आहेत म्हणून."

लहानपणापासून मी ऐकत आलो होतो की एका निरपराध्याने सगळ्यांच्या वतीने मरण सोसले आणि त्यामुळे पुढच्या सगळ्यांची सुटका झाली. हा हिशेब मला तेव्हाही कळला नव्हता. मात्र आमच्या गावाने तो फार लवकर आत्मसात केला होता. काहीही निस्तरायचे असले की कोणीतरी निरपराध शोधायचा, त्याला समजूतदार म्हणायचे आणि बाकीच्यांनी गीत म्हणायला उभे राहायचे.

"पाळकसाहेब," मी म्हणालो, "पेल्यातून रोग पसरतो अशी कमिटीची भीती आहे ना? मग एकटीला का तपासता? जे जे पुढे पितात, त्या सगळ्यांना तपासू. तुम्ही आणि पाच पंच. नुसती थुंकी द्यायची. कागद दाखवायचा तर सगळ्यांनी."

मला वाटले, ते नाही म्हणतील. त्यांनी मास्तरांना विचारले आणि मास्तरांना ती कल्पना फारच आवडली. निष्कलंकांची तपासणी झाली की कलंक उठून दिसतो, असे काहीसे त्यांच्या मनात असावे. गुरुवारी सकाळी सर्वांत आधी तेच आले. "घ्या, पहिला मी," असे म्हणून डबीत दणकून खाकरले. बाकीचे त्यांच्यामागून आले. मी डब्यांवर नावे घातली नाहीत, क्रमांक घातले. क्रम माझ्या सोयीने लावला आणि नावांची यादी माझ्याकडे ठेवली.

शुक्रवारी दुपारी काचा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पाच काचांवर काही नव्हते. चौथ्या क्रमांकाच्या काचेवर निळ्या भूमीवर लाल काड्या होत्या. मोजण्याचीही गरज नव्हती. प्रत्येक क्षेत्रात झुबकेच्या झुबके. मी यादी पाहिली, काच पुन्हा पाहिली. मग अहवालाची चिठ्ठी लिहिली, माझ्या सवयीप्रमाणे दिनांक घातला आणि ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. पंचकमिटीची सभा मंगळवारी होती.

सभा देवळाशेजारच्या दालनात भरली. पाळक मध्ये, पाच पंच बाजूंना, मी टोकाला. रिबकाबाईंना बोलावले नव्हते. प्रार्थना झाली. मग मास्तर उठले. देवळात दर रविवारचा पाठ तेच वाचत आणि बोलतानाही ते वाचत असल्यासारखेच बोलत.

"बंधूंनो, शरीर नाशवंत आहे. आत्म्याचं मोल सगळ्या जगाहून अधिक. रिबकाबाईच्या आत्म्याची आम्हांला जेवढी काळजी आहे तेवढी क्वचितच कोणाला असेल. पण म्हणून सुदृढ माणसांच्या शरीराला धोका..."

"शरीर नाशवंत आहे असं आत्ताच म्हणालात," मी म्हणालो.

"मधे बोलू नकोस, थोरात," ते म्हणाले. छत्तीस वर्षांच्या माणसाला त्यांनी सातवीतल्यासारखे गप्प केले आणि दोघे पंच हसले.

"रिबकाबाईंचा अहवाल टेबलावर आहे," मी म्हणालो. "कातडीत एकही जंतू नाही."

"आज नाही. उद्या?"

"उद्याचं मी तुमच्याबद्दलही सांगू शकत नाही."

"आमचं सोड. आमचे अहवाल आणलेस ना? वाच की. मंडळीला कळू दे, पुढच्या बाकांवर काय आहे ते."

ते बोलले नसते तर मी काय केले असते, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. चिठ्ठी खिशात घालून चार दिवस हिंडणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही.

"पाच जणांत काही नाही," मी म्हणालो आणि चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे धरली. "सहावा हा. तुमचा आवाज चांगला आहे, मास्तर. तुम्हीच वाचा."

त्यांनी चष्मा लावला. चिठ्ठी हातभर लांब धरली आणि रविवारच्या आवाजात, विरामचिन्हांसकट वाचली:

"दिनांक एकोणतीस मार्च, शुक्रवार. नमुना क्रमांक चार. थुंकीत क्षयाचे जंतू विपुल प्रमाणात आढळले. रुग्ण सांसर्गिक आहे. ताबडतोब अलग करून उपचार सुरू करावेत." चष्म्यावरून त्यांनी एकेकाकडे पाहिले. हजेरीत एक मूल कमी भरल्यावर वर्गाकडे पाहावे तसे. "अरे देवा. चौथा कोण?"

"आपण," मी म्हणालो.

मग त्यांच्या उजव्या हाताच्या पंचाने आपली खुर्ची सरकवली. फार नाही, वीतभर. डाव्या हाताच्यानेही सरकवली. पाळकांनी डोळे मिटले होते. प्रार्थना करत होते की पाहायचे टाळत होते, हे बाहेरून ठरवता येण्यासारखे नव्हते. मास्तरांनी चिठ्ठीची नीट घडी केली, ती टेबलावर ठेवली, खिशातला रुमाल काढून तोंडावर धरला आणि ते व्हरांड्याकडे निघाले. दाराशी ते क्षणभर थांबले. मला वाटले, काही बोलतील. त्यांना फक्त उंबरा नीट दिसत नव्हता.

पुढचे दहा मिनिटांत उरकले. कंपाउंडरच्या मुलांबरोबर रिबकाबाईही मुलीसह पुढे उभ्या राहतील, असा ठराव एकमताने झाला. सूचक म्हणून ज्यांनी खुर्ची आधी सरकवली होती ते. मी घरी गेलो तेव्हा मला उत्तम भूक लागली होती, हेही नोंदवले पाहिजे.

बुधवारी सकाळी मी प्रयोगशाळा उघडली तेव्हा रिबकाबाई पायरीवर बसल्या होत्या. शेजारी एस्तेर. दोघींमध्ये आज चार हात अंतर नव्हते.

"या," मी म्हणालो. "ठराव झाला. तुम्ही पुढे उभ्या राहणार."

"कळलं." त्या उठल्या नाहीत. "डाक्टर, मास्तरांना किती दिवसांपासून असेल हे?"

"सांगता येत नाही. काही महिने असेल."

"हे खोकल्यानं लागतं ना?"

"हो. श्वासावाटे. पेल्याबिल्यानं जवळजवळ नाहीच."

"जवळजवळ नाहीच," त्यांनी माझे शब्द सावकाश पुन्हा म्हटले. "मग तो पेला कशाला ठेवून घेतलात इतके दिवस?"

मी कुलपाची किल्ली खिशात घातली.

"माझी पोर रोज संध्याकाळी मास्तरांकडं बसायची. देवळामागच्या खोलीत. प्रभुभोजनाआधीची धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करायला. पाखरं शिरतात म्हणून खिडकी लावून घ्यायचे ते. ही आणि ते दोन पोरं. तिला तपासलं का तुम्ही?"

मी तपासले नव्हते. तो वर्ग मास्तर घेतात हे मला ठाऊक होते. मीही त्या खोलीत बसून ती प्रश्नोत्तरे पाठ केली होती. क्षयाचा सांसर्गिक रुग्ण सापडला की सर्वांत आधी विचारायचे ते हेच, की हा माणूस रोज कोणाशेजारी बसतो. मी हे विद्यार्थ्यांना शिकवत असे.

"कागदावर शुक्रवार होतं म्हणे," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी मोठ्यानं वाचलं, सगळ्यांनी ऐकलं. मास्तरांना मंगळवारी कळलं. शुक्रवारी कुणाला कळलं होतं?"

"मला."

"आणि ही शुक्रवारी वर्गाला गेली. शनिवारी गेली."

"रविवारी पण," एस्तेर म्हणाली. "सोमवारी मास्तरांना फार खोकला येत होता. मी पाणी आणून दिलं."

तिच्या बोलण्यात कसलाही आरोप नव्हता. ती फक्त माहिती पुरी करत होती.

"ते चार दिवस कागद कुठं होता?" रिबकाबाईंनी विचारले.

"खिशात."

"कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर होते. सभेत सर्वांसमोर मास्तरांची जिरवायची होती. तुमच्यासाठी, असेही म्हणता आले असते, आणि ते अगदी खोटेही ठरले नसते. मी एस्तेरला बाही वर करायला सांगितले आणि क्षयाच्या तपासणीची सुई टोचली.

शुक्रवारी तिच्या हातावर रुपयाएवढी लाल, कडक गाठ होती, म्हणजे लागण झालेली होती. कंपाउंडरच्या मुलांच्या हातांवर काही नव्हते. क्ष-किरणाच्या फिल्मवर तिच्या उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी लहानशी सावली दिसली. तिच्या थुंकीत जंतू नव्हते; तिच्यापासून कोणाला धोका नव्हता. लागण कधी झाली असेल? इतकी प्रतिक्रिया यायला निदान काही आठवडे लागतात. त्यामुळे त्या चार संध्याकाळींच्या आधीच झाली असणार, असे पुस्तकाच्या आधारे म्हणता येते. पण आधी शिरलेल्या जंतूंत त्या चार दिवसांनी किती भर घातली, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. मी हे रिबकाबाईंना समजावून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "हे तुम्ही मला सांगताय की स्वतःला?"

वसतिगृहाने एस्तेरला त्याच संध्याकाळी काढले. ट्रंक आणि वळकटी घेऊन ती ओढा ओलांडून आईच्या घरी राहायला गेली. निरोगी असताना तिला जे बारा वर्षे मिळाले नव्हते, ते आजारी पडल्यावर तासाभरात मिळाले.

पाळक पुन्हा माझ्याकडे आले. आवाज नेहमीपेक्षाही मऊ होता.

"मार्कस, कमिटी म्हणते, आई ठीक आहे. पण आता मुलगी..."

"तिच्यापासून लागण होत नाही. लिहून देतो."

"तुझ्या लिहिण्याचीच लोकांना आता भीती वाटते, बाळ." हे वाक्य त्यांच्या तोंडून आले याचे मला आश्चर्य वाटले, कारण ते खरे होते. "मी रिबकाबाईंना भेटून आलो. म्हटलं, थोडा त्याग..."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पहिलं नको. शेवटचं द्या. पण एका पेल्यातून, एका वेळी. आणि..." ते घुटमळले. "म्हणाल्या, शिकवणाऱ्यानं मुलाला उभं करायचं असतं. मास्तरांना बोलवा, म्हणाल्या."

ईस्टरच्या दिवशी अकरा वर्षांनी मी देवळात गेलो. मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. कंपाउंडरचे कुटुंब पुढे उभे राहिले, प्याले. मग पेला बाकांवरून फिरला. पुढची बाके, मधली बाके, ओढ्यापलीकडची दोन बाके. तो वेदीपाशी परत आला तेव्हा बाजूच्या दारातून तिघे आत आले. एस्तेर पांढऱ्या साडीत होती. तिच्यामागे रिबकाबाई. दोन हात अंतर ठेवून, तोंडावर पांढरे फडके बांधलेले साळवे मास्तर. सभेनंतरच्या बारा दिवसांत ते आणखी वाळले होते.

पहिल्या बाकावरच्या सगळ्यांनी एकदम श्वास रोखला. तो आवाज मला मागे ऐकू आला.

एस्तेर प्याली. तिने पेला आईकडे दिला, पाळकांकडे नाही. रिबकाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला, मुलीचे ओठ लागले होते ती कड शोधली आणि तिथूनच प्याल्या. त्यांना घाई नव्हती. मग पेला मास्तरांकडे गेला. मास्तरांनी फडके खाली केले, भिंतीकडे तोंड केले, घोट घेतला, फडके पुन्हा बांधले.

पेला पाळकांच्या हाती आला. तळाशी थोडे उरले होते. नियमाने ते त्यांनी संपवायचे.

ते पेल्यात पाहत उभे राहिले. मंडळी त्यांच्याकडे पाहत होती. आत्म्याचे मोल, त्याग, सुटका, यांवर त्या माणसाने चाळीस वर्षांत दोन हजार प्रवचने दिली असतील. त्याने वर पाहिले आणि मला शोधून काढले. मी पुढे गेलो. उभ्या माणसाची ती फजिती मला मागे उभे राहून पाहवेना, एवढेच त्याचे कारण होते.

"मार्कस," ते पुटपुटले, "कितपत धोका आहे?"

"नाही म्हणण्याइतकाच."

"लिहून देशील?"

वेदीपाशी, ईस्टरच्या सकाळी, हातात पेला धरून. मी तो पेला त्यांच्या हातातून घेतला आणि उरलेले पिऊन टाकले. आंबूस द्राक्षाचा रस होता. बेदाणे उकळून करत ते. माझ्या पिण्यात श्रद्धा नव्हती, पश्चात्ताप नव्हता. क्षय श्वासावाटे पसरतो, पेल्यावाटे पसरल्याचे उदाहरण मला ठाऊक नव्हते, म्हणून मी प्यालो.

मागून कोणा बाईचा हुंदका आला. मग कोणीतरी गीत सुरू केले आणि सगळे देऊळ उभे राहिले. पाळकांनी मला मिठी मारली. थोरातांचा हरवलेला मुलगा परत आला, त्याने सगळ्यांच्या वतीने मरणाचा पेला घेतला, असे त्यांनी तिथल्या तिथे मंडळीला सांगितले. पुढल्या महिन्याच्या पत्रिकेत ते छापूनही आले. आजही त्या गावी गेलो की एखादी म्हातारी माझा हात धरून डोळे पुसते. अज्ञानाविषयी माझे जे मत होते त्यात या प्रकारानंतर सुधारणा झालेली नाही.

मी फाटकाबाहेर आलो तेव्हा रिबकाबाई तिथे थांबल्या होत्या. एस्तेर पुढे ओढ्याच्या वाटेला लागली होती आणि मास्तर तिच्यामागून, अंतर राखून, चालले होते.

"डाक्टर, ते प्याल्यानं तुम्हाला काही होणार होतं का?"

"नाही."

"हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं."

"हो."

"मग ती माणसं रडतात कशाला?"

"त्यांना ठाऊक नाही म्हणून."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"नाही."

त्यांनी मान हलवली. पदराने हात पुसले.

"सुया किती आहेत तिच्या?"

"नव्वद. रोज एक. मग दीड वर्ष गोळ्या. नर्स येऊन देईल."

"नर्स नको. तुम्ही यायचं. घरी. रोज संध्याकाळी, तिच्या वर्गाच्या वेळेला."

"मास्तरांनाही द्याव्या लागतील."

"त्यांनाही द्या. ते येतील आमच्या अंगणात. त्यांच्याकडं आता कोण जातंय?"

नव्वद संध्याकाळी मी ओढा ओलांडून गेलो. मे महिन्यात तो कोरडा होता, जुलैत पँट गुडघ्यापर्यंत दुमडावी लागे. सुई उकळायचे पाणी चुलीवर तयार असे. एस्तेर बाही वर करी, अंगणातल्या बाजेवर मास्तर आपली पाळी येईपर्यंत तिची प्रश्नोत्तरे म्हणून घेत, आणि रिबकाबाई दारात उभ्या राहून सुई आत जाताना पाहत. बसा, असे त्यांनी मला एकदाही म्हटले नाही.